रिपोर्टमधला आकडा येतो कुठून?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणाचा तरी टू-डी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट येऊन पडतो. शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं: ईएफ ३५ टक्के. पाचच मिनिटांत एखादे काका विचारतात, ‘म्हणजे हृदय पस्तीस टक्केच चालतंय का हो?’ कुणी हात जोडलेली खूण टाकतं, कुणी लसूण-मधाचा उतारा पाठवतं, आणि ज्याचा रिपोर्ट आहे त्याची त्या रात्रीची झोप जाते. ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन: दर ठोक्याला हृदय आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकतं ते. खरं तर धडधाकट माणसाचा ईएफसुद्धा साधारण ५५ ते ७० यांच्या मध्येच असतो. शंभर कुणाचाच नसतो. तसा झाला तर दर ठोक्याला हृदय थेंबही न ठेवता रिकामं होतं, असा त्याचा अर्थ होईल.

ईएफ, कॅल्शियम स्कोअर, ॲस्पेक्ट्स, कोअर व्हॉल्यूम असले आकडे आता सर्रास रिपोर्टवर छापून येतात. त्यात ‘एआयने स्कॅन वाचला’ अशा बातम्या आणि ‘अमुक रुपयांत हार्ट स्कॅन’ अशा जाहिरातींची भर. हे आकडे चित्रात आयते लिहिलेले नसतात. ते चित्रातून काढावे लागतात, आणि काढताना कुणीतरी एक रेघ ओढलेली असते: हिच्या अलीकडे ठीक, पलीकडे आजार. ती रेघ कुणी, कशावरून आणि किती ठामपणे ओढली आहे, हे समजल्याशिवाय आकड्याला घाबरण्यातही अर्थ नाही आणि आकडा बघून निर्धास्त होण्यातही नाही.

## स्कॅन म्हणजे फोटो नव्हे

साध्या एक्स-रेमध्ये पुढचं आणि मागचं सगळं एकावर एक येतं. डोक्याचा एक्स-रे काढला तर कवटी दिसते, मेंदू जवळपास दिसतच नाही. ही अडचण सुटली १ ऑक्टोबर १९७१ रोजी. लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका बाईंचा सीटी स्कॅन झाला. माणसाच्या रोगनिदानासाठी केलेला तो पहिला सीटी. यंत्र बनवलं होतं गॉडफ्री हाउन्सफील्ड या इंजिनिअरने. तो ज्या ईएमआय कंपनीत नोकरीला होता, ती लोकांना गाण्यांच्या रेकॉर्डमुळे ठाऊक होती.

यंत्राची मूळ कल्पना कागदावर करून बघता येते. दोन ओळी आणि दोन रकाने अशी चार घरं काढा. प्रत्येक घरात एक आकडा आहे, पण तो झाकलेला आहे. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ९. डाव्या रकान्याची ५, उजव्याची ११. शिवाय तिरप्या रेषेतल्या दोन घरांची, म्हणजे वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या घराची, बेरीज १०. आता एकही घर न उघडता चारही आकडे सांगता येतात: वर ३ आणि ४, खाली २ आणि ७. सीटी मशीन हेच करतं. डोक्याभोवती फिरत फिरत ते शेकडो कोनांतून एक्स-रे सोडतं. आरपार जाताना किरण एकूण किती अडले, ही झाली बेरीज. अशा असंख्य बेरजांवरून आतल्या प्रत्येक घरात किती अडथळा आहे, ते ते शोधून काढतं. यामागचं गणित योहान रॅडॉन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ मध्येच मांडून ठेवलं होतं. पुढे ॲलन कॉरमॅक या भौतिकशास्त्रज्ञाने स्वतंत्रपणे तेच सोडवलं. १९७९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल कॉरमॅक आणि हाउन्सफील्डला विभागून मिळालं. दोघांपैकी एकही डॉक्टर नव्हता.

पहिल्या स्कॅनच्या एका कापात (डोक्याच्या एका आडव्या चकतीत) ८० गुणिले ८० म्हणजे ६,४०० घरं होती. आज एका कापात सहसा ५१२ गुणिले ५१२, म्हणजे अडीच लाखांच्या वर घरं असतात आणि प्रत्येकात एक आकडा. पाण्याला शून्य धरायचं आणि हवेला उणे १०००, असं माप ठरलेलं आहे. त्याला हाउन्सफील्डचंच नाव आहे. चरबी उणे शंभराच्या आसपास, मेंदूचा भाग साधारण २५ ते ४०, ताजं साकळलेलं रक्त ६० ते ८०, आणि हाड कित्येक शेकड्यांत. आपल्याला जे काळं-पांढरं चित्र दिसतं ते या कोष्टकाला रंग भरून केलेलं असतं.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो. तिथे जोरदार चुंबकाच्या साहाय्याने शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या अणूंकडून संकेत मिळवतात. इकोमध्ये आवाजाच्या लहरी परत येतात. पण शेवटी हातात पडतं ते आकड्यांचं कोष्टकच. त्या कोष्टकावर केलेली सगळी आकडेमोड, म्हणजे सफाई, कडा शोधणं, मोजणं, तुलना करणं, तिला इमेज प्रोसेसिंग म्हणतात.

## डोळ्यांना दिसेना, पण आकड्यात आहे

माणसाच्या डोळ्याला करड्या रंगाच्या काही डझन छटा वेगळ्या ओळखता येतात. सीटीत तर उणे हजारापासून हजाराच्या पुढेपर्यंत आकडे असतात. सगळे एकदम काळ्या-पांढऱ्यात बसवले तर अख्खा मेंदू एकाच करड्या रंगाचा गोळा दिसेल. म्हणून रेडिओलॉजिस्ट फक्त ० ते ८० एवढाच पट्टा निवडतात. त्याखालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं, आणि मधल्या ऐंशी आकड्यांना सगळ्या छटा वाटून द्यायच्या. या निवडीला विंडो म्हणतात.

मेंदूची रक्तवाहिनी तुंबली की पहिल्या काही तासांत त्या भागाचा आकडा जेमतेम दोन-चारने खाली येतो. ऐंशीच्या विंडोत तो फरक सहज निसटतो. मग रेडिओलॉजिस्ट माउसचं बटण दाबून धरतात आणि हात किंचित सरकवतात. विंडो ऐंशीवरून चाळीसवर येते, चित्र एकदम भडक होतं, आणि कानशिलाच्या आत खोल दडलेल्या इन्सुला नावाच्या पट्टीची कड एका बाजूला ठसठशीत तर दुसऱ्या बाजूला पुसट असल्याचं लक्षात येतं. रोगी तोच, स्कॅन तोच, एका क्षणापूर्वी ‘नॉर्मल’ वाटलेला.

म्हणून फिल्म खिडकीशी धरून मोबाइलवर काढलेला फोटो ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला, तर ते कुरकुरतात. त्यात उर्मटपणा नाही. फिल्म एका ठरावीक विंडोत छापलेली असते आणि फोटोत मूळ आकडेच उरत नाहीत. आकडे असतात ते सीडीतल्या डायकॉम नावाच्या मूळ फाइलमध्ये. स्कॅन सेंटरमधून निघताना चकचकीत फिल्मचं मोठं पाकीट सांभाळून आणणारे आणि सीडी टेबलावर विसरणारे लोक मी बरेच बघितले आहेत.

## मेंदूचा झटका: घड्याळ बघायचं की चित्र?

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळू लागलं. अशा रोग्याचा आधी साधा सीटी काढतात. विचारायचं एवढंच असतं: रक्तस्राव झाला आहे की गुठळी अडकली आहे? बाहेरून दोन्ही अगदी सारखं दिसू शकतं, उपचार मात्र उलटे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन रक्तस्राव झालेल्या मेंदूला दिलं तर जिवावर बेतेल. ताजं रक्त सीटीवर पांढरं चमकतं, त्यामुळे हा निकाल बहुतेक वेळा काही मिनिटांत लागतो.

गुठळी असेल तर पुढचा प्रश्न: किती मेंदू गेला आणि किती वाचवता येईल? त्यासाठी ॲस्पेक्ट्स नावाची गुणपद्धत आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या डॉक्टरांनी ती २००० मध्ये मांडली. मेंदूच्या मधल्या मोठ्या रोहिणीच्या हद्दीतले दहा भाग बघायचे आणि बिघडलेल्या प्रत्येक भागासाठी दहातून एक गुण वजा करायचा. म्हणजे इथे जास्त गुण चांगले. मुरलेल्या दोन डॉक्टरांमध्येही एखाद-दुसऱ्या गुणाचा फरक पडतो, कारण ‘पुसट’ कशाला म्हणायचं यावर सगळं अडतं. सॉफ्टवेअर डाव्या-उजव्या बाजूचे आकडे घरोघर ताडून बघतं, त्यामुळे ते निदान दर वेळी एकाच मोजपट्टीने मोजतं.

परफ्युजन स्कॅन याच्या पुढचा. शिरेतून रंगद्रव्य सोडतात आणि मेंदूचे तेच ते काप साधारण मिनिटभर पुन्हा पुन्हा घेतात. प्रत्येक घरात रंगद्रव्य कधी पोचलं, किती पोचलं आणि कधी ओसरलं, याचा आलेख मिळतो. पाटाचं पाणी मध्येच तुंबलं की शेतात जे होतं, तेच इथे होतं. अगदी टोकाचा वाफा वाळून जातो, त्याला आता पाणी देऊन उपयोग नाही. पण मधला पट्टा नुसता माना टाकून उभा असतो, शेजारच्या पाटातून झिरपणाऱ्या पाण्यावर कसाबसा तग धरून. तुंबलेलं मोकळं केलं तर तो पुन्हा उभा राहतो. वाळलेल्या भागाला डॉक्टर कोअर म्हणतात आणि माना टाकलेल्याला पेनम्ब्रा.

रेघ कुठे ओढली ते आता बघा. निरोगी बाजूच्या तुलनेत रक्तप्रवाह ३० टक्क्यांच्या खाली गेला असेल ते घर कोअरमध्ये मोजायचं. रंगद्रव्य पोचायला सहा सेकंदांहून अधिक उशीर झाला असेल ते धोक्यात आहे असं मानायचं. सॉफ्टवेअर सगळी घरं मोजतं आणि दोन रंगांत नकाशा देतं, खाली मिलिलिटरमध्ये आकडा.

या नकाशाने उपचाराचा नियमच बदलला. रक्तवाहिनीतून बारीक नळी (कॅथेटर) घालून गुठळी बाहेर ओढण्यासाठी पूर्वी साधारण सहा तासांची मुदत धरत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉन आणि डिफ्यूज-थ्री या दोन चाचण्यांनी घड्याळाऐवजी चित्र बघून रोगी निवडले. डिफ्यूज-थ्रीची अट होती की कोअर ७० मिलिलिटरहून कमी हवा आणि एकूण धोक्यातला भाग त्याच्या किमान १.८ पट हवा. डॉनमध्ये २४ तासांपर्यंतचे रोगी घेतले. गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्के रोगी तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करण्याइतके सावरले होते. नुसत्या औषधांवर असलेल्यांमध्ये हे प्रमाण १३ टक्के होतं. उपचारांच्या चाचण्यांत एवढी तफावत क्वचितच बघायला मिळते.

आणि मग ही रेघही हलली. २०२२-२३ मध्ये जपान, चीन, अमेरिका वगैरे ठिकाणच्या चाचण्यांनी दाखवलं की कोअर मोठा असला तरी गुठळी काढल्याने फायदा होऊ शकतो. म्हणजे त्याच्या चार-पाच वर्षं आधी ज्यांना नकाशा बघून ‘आता उपयोग नाही’ म्हटलं असतं, त्यांतल्या काहींना उपयोग झाला असता. मोजमाप चुकीचं नव्हतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष जरा घाईचा होता. शिवाय झटक्यानंतर अगदी लवकर स्कॅन झाला तर सॉफ्टवेअर कधी कधी जिवंत भागालाही कोअरमध्ये धरतं.

## चोवीस तास मिळतात, मग घाई कशाला?

ही शंका मी एकाहून अधिक लोकांकडून ऐकली आहे आणि ती धोकादायक आहे. ‘रात्री हात जड वाटत होता, म्हटलं सकाळी बघू’ असं म्हणणाऱ्यांना वरचा परिच्छेद वाचून आधार मिळायला नको. चोवीस तासांपर्यंत ज्यांना फायदा झाला ते निवडून घेतलेले रोगी होते, ज्यांचा मधला पट्टा शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या कृपेने टिकून होता. बाकीच्यांचा केव्हाच गेलेला असतो, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे घरी बसून कळत नाही. मोठी वाहिनी तुंबली तर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ मध्ये केलेला अंदाज आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते जितकं लवकर तितकं बरं. १०८ ला फोन करताना लक्षणं किती वाजता सुरू झाली ते सांगा, आणि जिथे सीटी रात्रीही चालू असतो अशाच हॉस्पिटलात न्या. सीटी नसलेल्या दवाखान्यात आधी सलाईन लावून घेण्यात जो तास जातो, तो कुठलंही सॉफ्टवेअर परत देऊ शकत नाही.

## हलत्या हृदयाचं चित्र

मेंदू निदान जागचा हलत नाही. हृदय मिनिटाला ७५ वेळा धडधडत असेल तर एक ठोका आठशे मिलिसेकंदांचा, आणि त्यातही नीट स्थिर क्षण थोडाच. म्हणून हृदयाच्या सीटीत छातीला ईसीजीच्या तारा लावतात आणि हृदय सैल पडलेलं असतानाचाच भाग चित्रासाठी वापरतात. अँजिओग्राफीच्या सीटीआधी ठोके कमी करायची गोळी देतात ती यासाठीच. ‘श्वास रोखा’ म्हटल्यावर चुळबुळ केली तर चित्र फाटतं, आणि फाटलेल्या चित्रात नसलेलं ब्लॉकेज दिसू शकतं.

जाहिरातीतला ‘हार्ट स्कॅन’ म्हणजे बहुतेक वेळा कॅल्शियम स्कोअर. यात सुई नाही, रंगद्रव्य नाही, एका श्वासात काम होतं. हृदयाच्या रोहिण्यांच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थरात कालांतराने चुना, म्हणजे कॅल्शियम, धरतो आणि तो सीटीवर झळकतो. तो मोजायची पद्धत अमेरिकेतल्या आर्थर ॲगॅटस्टन यांनी सहकाऱ्यांसह १९९० मध्ये मांडली, आणि ती इतकी साधी आहे की हाताने करता येईल. १३० किंवा त्याहून जास्त आकडा असलेली घरं शोधायची. अशा ठिपक्याचं क्षेत्रफळ घ्यायचं. ठिपक्यातला सर्वांत मोठा आकडा १३० ते १९९ असेल तर एकने गुणायचं, २०० ते २९९ ला दोनने, ३०० ते ३९९ ला तीनने आणि ४०० च्या पुढे चारने. समजा ठिपका ६ चौरस मिलिमीटरचा आहे आणि त्यातला कमाल आकडा ३९८ आहे. सहा त्रिक अठरा. तोच आकडा ४०२ निघाला तर सहा चोक चोवीस. प्रत्यक्षात चुना तेवढाच, स्कोअर मात्र एका पायरीने वर. सगळ्या ठिपक्यांची बेरीज झाली की रिपोर्ट तयार.

त्यामुळे ९२ आणि ९८ यांत काही फरक नाही. शून्य, शंभराच्या आत, शंभर ते चारशे आणि चारशेच्या वर, एवढे ढोबळ गटच बघायचे असतात. ज्याला काही त्रास नाही, पण वय, साखर, बीपी, घराण्यातला इतिहास यामुळे कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी सुरू करावी की नाही अशी दुविधा आहे, त्याच्यासाठी हा स्कोअर खरोखर कामाचा आहे.

शून्य आला की पेढे वाटणाऱ्यांनी मात्र थांबावं. चुना धरायला वेळ लागतो. नवा, मऊ थर १३० च्या खालीच राहतो आणि या मोजणीत येतच नाही. झटका अनेकदा असला मऊ थर फुटूनच येतो. आपल्याकडे ही गोष्ट जास्तच लागू पडते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचं मधलं वय ५३ निघालं, इतर देशांत ते ५८-५९ होतं. चाळिशीतल्या माणसाचा शून्य आणि सत्तरीतल्या माणसाचा शून्य यांना एकाच पारड्यात घालता येत नाही. छातीत आत्ता दुखत असेल तर प्रश्नच मिटला. तिथे ईसीजी आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी लागते. कॅल्शियमचं पॅकेज त्या वेळी कुणीही विकू नये आणि कुणीही घेऊ नये.

उलट बाजूचाही एक गोंधळ होतो. स्टॅटिन सुरू केल्यावर वर्षा-दोन वर्षांनी हौसेने स्कॅन पुन्हा काढला आणि स्कोअर वाढलेला निघाला, तर लोक गोळीवर खापर फोडतात. स्टॅटिनने मऊ थर आटून टणक होतो आणि त्यात चुना वाढतो. टणक थर फुटायचा धोका कमी. आकडा वाईट दिसतो, पण रोहिणीची तब्येत सुधारलेली असू शकते. म्हणून गोळी चालू असताना हा स्कोअर पुन्हा पुन्हा काढण्यात फारसं काही हाती लागत नाही.

ब्लॉकेज किती टक्के आहे, हे बघायला रंगद्रव्य देऊन सीटी अँजिओग्राफी करतात. तिथेही एक पुढची पायरी आली आहे. नळी किती अरुंद झाली यापेक्षा पलीकडे रक्ताचा दाब किती उतरतो, हे महत्त्वाचं असतं. पूर्वी त्यासाठी रोहिणीत बारीक तार घालावी लागे. आता सीटीवरून रोहिण्यांचा त्रिमिती साचा बनवून त्यात रक्त कसं वाहील याचं गणित कॉम्प्युटर करतो. पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी निघाला तर अडथळा खरा. सत्तर टक्के ब्लॉकेज ऐकून घाबरलेल्यांपैकी काहींना स्टेंटची गरज नसते, ते इथे कळतं.

## ईएफ कसा काढतात?

इकोच्या व्हिडिओतून दोन चित्रं निवडतात: हृदयाची खालची डावी कोठी सर्वांत भरलेली आणि सर्वांत रिकामी. दोन्हींत आतल्या भिंतीची कड आखायची, कोठीचे आडवे वीस काप कल्पून प्रत्येकाचं आकारमान काढायचं आणि बेरीज करायची. भरलेली असताना १२० मिली आणि आकसल्यावर ५० मिली उरलं, तर ७० बाहेर पडलं. सत्तर भागिले एकशेवीस, म्हणजे ५८ टक्के. ठणठणीत.

कड आखताना सोनोग्राफी करणाऱ्याचा हात किंचित आत-बाहेर झाला की उत्तर पाच-सात टक्क्यांनी सरकतं. म्हणून मार्चमधले ३५ आणि जूनमधले ३९ ही सुधारणाच आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, विशेषतः दोन वेगळ्या सेंटरवर इको झाला असेल तर. आणि तरीही ३५ ही रेघ महत्त्वाची आहे, कारण जिवावर बेतणारे अनियमित ठोके थोपवणारं यंत्र छातीत बसवायचं की नाही, हा निर्णय बऱ्याचदा तिच्या अलीकडे-पलीकडे होतो.

कॉम्प्युटरचा उपयोग इथे मला सर्वांत पटतो. स्टॅनफर्डच्या गटाने १०,०३० इको व्हिडिओंवर शिकवलेलं सॉफ्टवेअर २०२० मध्ये मांडलं. ते एकच ठोका न बघता अनेक ठोके मोजतं. पुढे लॉस एंजेलिसमध्ये ३,४९५ इकोंवर चाचणी झाली. पहिलं मोजमाप सोनोग्राफरने केलं की सॉफ्टवेअरने, हे हृदयरोगतज्ज्ञांना सांगितलंच नाही. त्यांनी सॉफ्टवेअरच्या १६.८ टक्के मोजमापांत मोठी दुरुस्ती केली, माणसांच्या २७.२ टक्के.

## मशीन शिकते कशी, फसते कशी?

मेंदूच्या सीटीवर सॉफ्टवेअर शिकवण्याचं एक मोठं काम आपल्या मुंबईत झालं. क्युअर डॉट एआय या कंपनीच्या संशोधकांनी भारतातल्या सुमारे वीस केंद्रांतले ३,१३,३१८ सीटी वापरून रक्तस्राव, कवटीचं फ्रॅक्चर वगैरे ओळखणारी प्रणाली बनवली. ती २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात छापून आली. तपासणीसाठीचे ४९१ स्कॅन त्यांनी जगाला खुले केले. त्या स्कॅनमध्ये ‘खरं उत्तर’ कोणतं धरलं? तीन रेडिओलॉजिस्टनी वेगवेगळं वाचायचं आणि बहुमत घ्यायचं. मशीनला परीक्षेत मिळालेले गुणही शेवटी माणसांच्या मतावर उभे असतात.

मशीनला काय शिकवायचं ते आपण ठरवतो, पण ती काय शिकते ते तिचं ती ठरवते. २०१८ मध्येच छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचा अमेरिकेत अभ्यास झाला. स्कॅन कुठल्या हॉस्पिटलचा आहे हे ते जवळपास अचूक ओळखत होतं. एका हॉस्पिटलात न्यूमोनियाचे रोगी जास्त, त्यामुळे हॉस्पिटल ओळखलं की उत्तराचा अंदाज बांधता येत होता. बाहेरच्या हॉस्पिटलात नेल्यावर त्याची कामगिरी बऱ्याचदा घसरली. एमआरआय लवकर उरकावा म्हणून कमी माहितीवरून पूर्ण चित्र रचणाऱ्या प्रणालींची २०२० मध्ये स्पर्धा झाली, तेव्हा काही चित्रांत मुळात नसलेल्या रचना उमटल्या होत्या. चित्र सुबक दिसतं म्हणून ते खरं असतं, असं नाही.

मोजपट्टी कुणाच्या मापाची आहे, हाही प्रश्न येतो. विसरभोळेपणा वाढलेल्या वृद्धाच्या एमआरआयवरून हिप्पोकॅम्पस हा स्मरणाशी निगडित भाग आकसला आहे का, ते सॉफ्टवेअर मोजतं आणि ‘सरासरी’ मेंदूशी ताडतं. बरीच वर्षं ही सरासरी पाश्चात्त्य मेंदूंवरून घेतलेली होती. हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेने २०१९ मध्ये शंभर निरोगी भारतीयांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला, तेव्हा आपल्या मेंदूची लांबी, रुंदी, उंची सरासरीने थोडी कमी निघाली. बुद्धीशी त्याचा काही संबंध नाही. पण परक्या मापाशी ताडलं तर धडधाकट आजोबांचा मेंदू ‘आकसलेला’ ठरू शकतो.

## मग रेडिओलॉजिस्ट जाणार का?

एआयच्या मुळाशी असलेल्या न्यूरल नेटवर्कच्या संशोधनासाठी नावाजलेले जेफ्री हिंटन २०१६ मध्ये म्हणाले होते की आता रेडिओलॉजिस्ट घडवणं थांबवायला हवं, पाच वर्षांत मशीन त्यांच्या पुढे जाईल, फार तर दहा. रेडिओलॉजिस्ट आजही आहेत आणि रात्रपाळीला पुरत नाहीत इतके कमी आहेत.

कारण साधं आहे. रक्तस्राव शोधायला शिकवलेलं सॉफ्टवेअर रक्तस्रावच शोधतं. बाळंतपणानंतर डोकं ठणकतंय म्हणून आलेल्या बाईच्या मेंदूतली शीर तुंबली असेल, तर ते ‘रक्तस्राव नाही’ असं खरं उत्तर देऊन मोकळं होतं. तिचं नुकतंच बाळंतपण झालंय हे वाचून शिरांचा वेगळा स्कॅन सुचवणं माणसाला सुचतं. मशीनचा खरा फायदा रांगेत आहे. रात्री दोन वाजता चाळीस स्कॅन वाचायचे पडलेले असतात. त्यातला रक्तस्रावाचा संशय असलेला स्कॅन सॉफ्टवेअर उचलून सर्वांत वर ठेवतं, आणि अडतिसाव्या क्रमांकावरचा रोगी आधी बघितला जातो. तालुक्याच्या गावी जिथे सीटी आहे पण रेडिओलॉजिस्ट शहरात बसून वाचतो, तिथे तर याचं मोल फार आहे.

रेडिएशनचा धसका घेणाऱ्यांसाठी थोडक्यात: डोक्याच्या साध्या सीटीचा डोस साधारण २ मिलिसीव्हर्ट (हे रेडिएशनच्या डोसाचं एकक), कॅल्शियम स्कोअरचा १ च्या आसपास. निसर्गातूनच जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतो. इको आणि एमआरआयमध्ये तसलं रेडिएशन नसतंच. गरज असेल तर सीटी टाळू नका, हौस म्हणून काढू नका. रंगद्रव्याच्या आधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी मागतात ते मूत्रपिंडाच्या काळजीपोटी, बिल वाढवायला नव्हे.

राहिली जबाबदारी. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस नियमांखाली भारतात वैद्यकीय उपकरणांवर नियंत्रण आहे, आणि १ एप्रिल २०२० पासून त्या व्याख्येत रोगनिदानाचं सॉफ्टवेअरही धरलं जातं. पण परवाना असलेल्या सॉफ्टवेअरने छापलेला रंगीत नकाशा हे रोगनिदान नव्हे. हातात पडलेल्या कागदावर फक्त मशीनचे आकडे असतील आणि खाली डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही नसेल, तर काउंटरवर थांबून सहीचा रिपोर्ट मागा. आणि हो, सीडीही.